'स्त्रीवादी' म्हणवून घ्यायला नकार देणाऱ्या स्त्रिया : नकार नेमका कशाला असतो?

मृद्गंध

मधू किश्वर यांनी १९९० मध्ये 'मानुषी'त एक लेख लिहिला होता. आपण स्वतःला स्त्रीवादी का म्हणवत नाही, हाच त्याचा विषय होता. दिल्लीहून निघणारे हे नियतकालिक तोवर दहाएक वर्षे हुंडा, बलात्कार, स्त्रियांचा जमिनीवरील हक्क यांविषयी सातत्याने लिहीत आले होते, आणि देशाबाहेरचे वाचक तर त्याला भारतीय स्त्रीवादाचे मुखपत्रच समजत होते. त्यामुळे त्याच्या संपादिकेनेच हे बिरुद नाकारावे याचे अनेकांना आश्चर्य वाटले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता, की पाश्चात्त्य देशांतील चळवळ तिथल्या परिस्थितीतून उभी राहिली आणि तिथे तिच्याशी माझे भांडण नाही. परंतु तिचे प्रश्न आणि तिची तयार उत्तरे इथे आणून बसवली, की इथल्या बाईचे म्हणणे मुळातून ऐकण्याची गरजच कुणाला वाटेनाशी होते.

हा लेख पुन्हा वाचावासा वाटला, कारण "मी काही स्त्रीवादी वगैरे नाही" हे वाक्य मला अलीकडे फार वेळा ऐकू येते, आणि तेही घर, नोकरी, सासर-माहेर सगळे स्वतःच्या हिमतीवर पेलणाऱ्या बायकांच्या तोंडून. त्यावर लोकांची प्रतिक्रिया ठरलेली असते. एक गट म्हणतो, या बायकांना इतिहास माहीत नाही, मतदानापासून मालमत्तेपर्यंत सगळे आयते मिळाले म्हणून अशा बोलतात. दुसरा गट म्हणतो, बघा, स्वतः बायकांनाच हे थेर नको आहेत. या दोन्ही गटांना त्या बाईला पुढचा प्रश्न विचारण्याचे कष्ट घ्यायचे नसतात, असे माझे मत आहे.

प्रथम किश्वर यांच्या आक्षेपाविषयी. परकेपणाचा हा मुद्दा निदान महाराष्ट्रात मला पटत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, ती काही इंग्रजी ग्रंथ वाचून नव्हे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली, आणि त्या संतापातून ते पुस्तक आले. सत्यशोधक घरातल्या या बाईने पुरुषांना उद्देशून जे लिहिले आहे, ते आजही एखाद्या सभ्य संमेलनात मोठ्याने वाचायला धाडस लागेल. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित करेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत हा विचार पोहोचलाच नाही, आणि पोहोचला तेव्हा तो बाहेरून आल्यासारखा दिसला, हा दोष विचाराचा नाही.

आता माझा खरा मुद्दा. मी ज्या स्त्रियांविषयी बोलते आहे, त्यांनी किश्वर वाचलेल्या नाहीत आणि ताराबाईही वाचलेल्या नाहीत. त्यांचा नकार मला वैचारिक भूमिकेपेक्षा घासाघिशीतली एक चाल वाटतो, आणि ती चाल पुष्कळदा शहाणपणाची असते. वडिलोपार्जित जमिनीचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राने २००५ मध्ये तो सर्व मुलींना दिला, आणि वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. एवढा कायदा हाताशी असतानाही वडिलांचे दिवसकार्य आटोपले, की बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि ती सही करते. का करते, हे तिला नीट ठाऊक असते. त्या सहीच्या मोबदल्यात तिला भाऊबीज, साडीचोळी, मुलांना सुट्टीत आजोळ, आणि सासरी बिनसलेच तर परत यायला एक दार मिळत असते. या दाराची किंमत ज्यांना कधी मोजावी लागली नाही, त्यांनी तिला अज्ञानी म्हणू नये.

आणि जी सही करत नाही, तिला पहिले वाक्य काय म्हणावे लागते? "मी काही त्या स्त्रीमुक्तीवाल्यांतली नाही हो दादा, पण..." नाते तोडायला मी आलेले नाही, अशी ग्वाही तिला आधी द्यावी लागते, मगच हिश्शाचा विषय काढता येतो. शिक्का नाकारणे ही तिच्यासाठी मागणी मांडण्याची पूर्वअट असते. असा नकार दिसला, की चळवळीचा पराभव झाला असे मी मानत नाही. मात्र असा नकार देण्याची गरज पडते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. आपले अनुभव आणि मतभेद वाचायला आवडतील.


तळटीप

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि दिवाणी कामे माझ्याकडे जास्त येतात, म्हणून या चित्रात दोन गोष्टी जोडते. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, आणि एकदा ते झाले की फसवणूक किंवा दडपण सिद्ध केल्याखेरीज मागे फिरता येत नाही. भाऊ-बहिणींतील अशा दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र लागते, त्यामुळे तो करून घेणे स्वस्तही पडते. जुन्या सातबाऱ्यांवर तर मुलींची नावे 'इतर हक्क' या रकान्यात टाकून दिलेली आढळतात, आणि अनेक बहिणींना वर्षानुवर्षे वाटत असते की आपले नाव लागलेले आहे.

परंतु मृद्गंध ताई, या शिक्क्याची भीती बायकांना केवळ माहेरामुळे वाटते असे नाही. माझ्या कचेरीत साठीच्या पुढच्या बायका येतात, ज्यांची नावे सुनेने ४९८-अ (सासरच्या छळाविरुद्धचे दंड संहितेतील कलम; जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) खाली दिलेल्या फिर्यादीत मुलाच्या नावामागोमाग घातलेली असतात. हे कलम १९८३ मध्ये आले तेव्हा त्याची निकड होतीच आणि आजही आहे, पण लांबच्या गावी नांदणाऱ्या नणंदेचेही नाव त्यात यावे, ही बाबही खोटी नाही. सरसकट अटक करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात बजावले, ते उगाच नाही. अशी बाई जेव्हा "हे सगळे त्या स्त्रीवाद्यांमुळे" असे म्हणते, तेव्हा ती अन्याय्य बोलत असते, पण काल्पनिक बोलत नसते. स्त्री विरुद्ध पुरुष अशी मांडणी ऐकत आलेल्या माणसाला, सासू विरुद्ध सून या खटल्यात स्त्रीवाद कोणाच्या बाजूचा, हे कळत नाही. त्याचे नीट उत्तर चळवळीने सामान्य भाषेत दिलेले माझ्या वाचनात नाही.


रानजाई

धाग्याचा रोख पाहता इथे नकार म्हणजे एक तर भीती किंवा हिशेब, असे ठरत चालले आहे. आमच्याकडचा नकार या दोन्हींत बसत नाही, म्हणून लिहिते.

मी आंबेडकरी कुटुंबातली आहे. आमच्या घरात स्त्रियांच्या सभेला जाणे ही तीन पिढ्यांची गोष्ट आहे आणि त्यात बंड असे कुणाला वाटले नाही. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी वेगळे भाषण केले होते. नागपुरात जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली आणि तिने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांच्या सोयी असे ठराव केले. हिंदू कोड बिल रखडवले गेले, त्याच्या निषेधासह बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. आता १९७५ नंतर महाराष्ट्रात जी स्त्रीमुक्ती चळवळ उभी राहिली, तिच्या इतिहासात ही परिषद कितीशी होती? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्या जुन्या कार्यकर्त्यांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये काढले. त्याच्या नावातला तो 'ही' कुणाला ऐकवला आहे, हे सांगायला नको.

दलित स्त्रीचा आवाज वेगळा का, यावर गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये लिहिले आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्याला दिलेले उत्तर आजही अभ्यासले जाते. रेगे यांचा आग्रह असा होता की दलित नसलेल्या स्त्रीवाद्यांनीही दलित स्त्रियांच्या जागेवरून जग पाहायला शिकावे, म्हणजे आपल्या स्वतःच्या जातीकडेही पाहावे. ही अपेक्षा किती जणींनी पुरी केली, हे मी विचारत नाही. माझ्या आईच्या पिढीतल्या कार्यकर्त्या ८ मार्चच्या कार्यक्रमाला जात, पण २५ डिसेंबर हा त्यांचा दिवस होता. मनुस्मृती दहनाचा तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून अनेक संघटना साजरा करतात. त्या स्वतःला स्त्रीवादी म्हणवत नसत, कारण त्यांच्या मते त्यांना आधीच एक नाव होते आणि ते त्यांनी स्वतः मिळवले होते. यात घासाघीस कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिले, तेव्हा १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मुंबईच्या आणि इतर शहरांतल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि त्यातूनच १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या वेळी त्यांनी त्या मुलीची जात पाहिली नव्हती, हे खरे आहे. तिची जात न पाहणे हेही एका अर्थी उणेच होते, हा आमचा त्यावरचा शेरा.


ओंजळ

मी राष्ट्र सेविका समितीच्या शाखेत वाढले आणि माझा नकार जाणीवपूर्वक आहे. मृद्गंध ताईंच्या विश्लेषणात मला एक तर धूर्त व्हावे लागते किंवा भित्री, आणि रानजाई ताईंच्या मांडणीत मला जागाच नाही. एखादी शिकलेली, मिळवती स्त्री सर्व काही समजून-उमजून हा विचार नाकारू शकते, ही शक्यता इतकी अवघड का वाटावी?

लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ मध्ये वर्ध्याला समिती स्थापन केली, तेव्हा त्या स्वतः विधवा होत्या आणि मुलांचा संसार एकटीने चालवत होत्या. जिजाबाईंचे मातृत्व, अहिल्याबाईंचे कर्तृत्व आणि झाशीच्या राणीचे नेतृत्व हे आदर्श आमच्यासमोर ठेवले गेले. यांपैकी कोणती स्त्री दुबळी आहे? आमचा मतभेद हा आहे, की आम्ही समाजाचा घटक म्हणून कुटुंबाकडे पाहतो आणि त्यातील स्त्री-पुरुषांचे संबंध हक्कांच्या वाटणीपेक्षा कर्तव्यांच्या पूरकतेवर उभे असावेत असे मानतो. शबरीमला खटल्यात २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूने निकाल दिला आणि विरोधी निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा या पीठातील एकमेव स्त्री होत्या. त्यांना कुणी हक्कसोडपत्रावर सही करायला लावले होते काय? शनिशिंगणापूरला चौथऱ्यावर जाऊ न इच्छिणाऱ्या गावच्या बायकांची टिंगल वर्तमानपत्रांनी केली, ती टिंगल करणाऱ्यांत स्वतःला स्त्रीवादी म्हणवणारे अधिक होते. स्त्रीच्या निवडीचा सन्मान करायचा, पण तिने आपल्याला हवे तेच निवडले तर, असा हा न्याय आहे.


मृद्गंध

ओंजळ, तुमचा पहिला आक्षेप रास्त आहे. मी ज्या नकाराविषयी लिहिले तो तुमचा नकार नाही, आणि तुमचा नकार हा विरोधच असल्याने त्याला विरोध म्हणूनच उत्तर दिले पाहिजे.

शिंगणापूरच्या बायकांना चौथऱ्यावर जायचे नव्हते, तर त्यांना कुणी ओढून नेत नव्हते. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात जी याचिका केली, तिच्यात मागणी एवढीच होती की ज्यांना जायचे आहे त्यांना अडवू नये. आणि न्यायालयाने ज्या कायद्यावर बोट ठेवले, तो सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाचा महाराष्ट्राचा कायदा १९५६ पासून अस्तित्वात होता. एखादीने न जाणे ही तिची निवड आहे, तिने दुसरीला अडवणे ही मात्र निवड राहत नाही.

कुटुंब हा घटक मानण्याविषयी. विद्याताईंनीच १९८२ च्या सुमारास पुण्यात नारी समता मंच उभा केला, त्याला मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या दोन विवाहितांच्या मृत्यूंची पार्श्वभूमी होती. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन कार्यकर्त्या गावोगाव गेल्या, तेव्हा ते बघून बायका आपापली हकिगत सांगू लागल्या. चांगल्या, खात्या-पित्या घरांतल्या बायका होत्या त्या. पूरकतेच्या तत्त्वाला घराच्या आत काय चालते ते तपासण्याची सोय नाही, आणि पूरकता बिघडली तर बाईने जायचे कुठे याचे उत्तर त्यात येत नाही. जिजाबाई आणि अहिल्याबाई यांच्याकडे जहागीर होती आणि फौज होती, हेही जाता जाता नोंदवते.

रानजाई, तुमच्या पोस्टनंतर माझ्या मांडणीची व्याप्ती कमी होते, आणि ती तशी व्हायला हवी.


नांगरट

आमचे घर शेतकरी संघटनेचे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला जे महिला अधिवेशन झाले, त्याला माझी आई आणि चुलती ट्रॅक्टरमधून गेल्या होत्या. शरद जोशी यांची मांडणी अशी होती की शेतीची लूट होते तोवर शेतकऱ्याच्या बायकोची मुक्ती संभवत नाही, आणि ज्या घरात पुरुषाच्याच हाती काही उरत नाही तिथे त्याच्याशी वाटणीचे भांडण करून बाईला काय मिळणार. शहरातल्या चळवळीविषयी ते कडवट बोलत, आणि आमच्या बायकांना ते पटत असे. तरीही याच संघटनेने पुढे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला, जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावांत पुरुषांनी जमिनीचे तुकडे बायकांच्या नावे करून दिले, आणि शासनानेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची योजना त्याच नावाने आणली. स्त्रीवादी न म्हणवता झालेले हे काम आहे. शहरातल्या कितीशा पुरोगामी घरांत फ्लॅट बायकोच्या नावावर आहे, ते मोजावे.

लक्ष्मीमुक्तीत जमीन नवऱ्याने दिली, म्हणजे ती देणगी झाली, हक्क नव्हे, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. आईने मात्र एकदा सांगितले होते की देणगी असो की काही असो, त्या वर्षापासून सोसायटीचे कर्ज काढताना तिची सही लागू लागली आणि घरात तिला विचारले जाऊ लागले.


टेम्सकाठ

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही, एवढेच सांगायला लिहितो. ब्रिटनमधील फॉसेट सोसायटी या संस्थेच्या २०१६ मधील पाहणीत स्वतःला स्त्रीवादी म्हणवणारे लोक अवघे ७ टक्के निघाले, आणि स्त्री-पुरुष समानता हवी म्हणणारे सुमारे दोन तृतीयांश. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०२० मध्ये विचारले, तेव्हा मात्र ६१ टक्के स्त्रियांनी हा शब्द आपल्याला लागू पडतो असे सांगितले. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांनी 'काही अंशी' हा पर्याय निवडला होता. म्हणजे हो की नाही असे विचारले तर लोक मागे सरतात, कितपत असे विचारले तर पुढे येतात. कृष्णवर्णीय लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीपासून वेगळे असे 'वुमनिस्ट' हे स्वतःचे नाव १९८३ च्या आपल्या निबंधसंग्रहात मांडले होते, ते रानजाई यांचे पोस्ट वाचताना आठवले.


कैरी

माझ्या वयाच्या मुलींविषयी थोडेसे. मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत काम करते आणि तिथल्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, त्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, हे सगळे आम्ही प्रशिक्षणात शिकवतो. तक्रार घेऊन येणारी मुलगी आत येऊन बसली की जवळजवळ प्रत्येक वेळी आधी खुलासा करते, की मी छोट्या छोट्या गोष्टींवर बोलणाऱ्यांतली नाही, मला विनोद कळतो, मी स्त्रीवादी वगैरे नाही. तिला वाटत असते की शिक्का बसला तर तिचे म्हणणे घटना म्हणून ऐकले जाणार नाही, स्वभाव म्हणून ऐकले जाईल. तिचा हा अंदाज चुकीचा असतो, असे मला समितीवर बसूनही म्हणता येत नाही. मृद्गंध ताईंनी लिहिलेली बहीण आणि ही मुलगी यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. पगार तेवढा वेगळा आहे.


बालाघाट

बीडकडचा आहे. इतका वेळ सगळे वाचले आणि ओंजळ ताईंच्या 'कुटुंब हा घटक' यापाशी थांबलो, कारण आमच्याकडे हा घटक रोकड व्यवहारात वापरला जातो. ऊसतोडीला एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो आणि घेतो नवरा. पहाटेपासून मोळ्या बांधणारी, डोक्यावर वाहून ट्रकमध्ये चढवणारी बाई हिशेबाच्या वहीत वेगळी दिसत नाही. तिची मजुरी किती, हे तिलाही सांगता येणार नाही. एक दिवस पडला तर खाडा धरून पैसे कापतात, तो खाडाही जोडीचा. पाळी, अंगावरून जाणे, गरोदरपण यांतले काहीही झाले तरी खाड्याची भीती.

यातून गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया किती झाल्या, ते २०१९ मध्ये शासनाने समिती नेमल्यावर बाहेर आले. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका कितीतरी होत्या.

या बायकांनी स्त्रीवाद नाकारला की स्वीकारला, हा प्रश्न मी त्यांना विचारू शकणार नाही, मला लाज वाटेल. पण त्यांच्यासाठी संघटना बांधणाऱ्या ज्या बाया आमच्याकडे काम करतात, त्यांची पहिली मागणी अशी आहे की मजूर म्हणून बाईची नोंद स्वतंत्र करा आणि तिचे ओळखपत्र तिच्या नावाने द्या. जोडी मोडायची नाही, नोंद वेगळी हवी. ओंजळ ताई, तुमच्या पूरकतेला यात अडचण आहे का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.


ओंजळ

अडचण नाही. नोंद वेगळीच हवी. याला कुटुंब म्हणत नाहीत, ही लूट आहे आणि कुटुंबाच्या नावाखाली चाललेली आहे. मात्र ही मागणी करण्यासाठी मला स्त्रीवादी व्हावे लागत नाही, हेही त्यातच आले.


मृद्गंध

व्हावे लागत नाही, हे मान्य. पण बाईची मजुरी वेगळी मोजावी ही मागणी आधी ज्यांनी केली, त्यांना त्या वेळी काय म्हटले गेले, तेही लक्षात राहू द्यावे. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर १९७२ नंतर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायकांसह रस्त्यावर आल्या, त्या मोर्च्यांनाही आधी हसूनच झाले होते. पुढच्या पिढीला मागणी वापरायला मिळते आणि टोमणा आधीच्या पिढीच्या नावावर राहतो, ही वाटणी मला तरी न्याय्य वाटत नाही. तुमच्या नकाराशी माझे खरे भांडण असलेच तर ते इथे आहे.


उन्हाळी पाऊस

मी फक्त वाचक आहे, पण तळटीप ताईंना विचारायचे आहे. वडील गेल्या वर्षी गेले. दोन्ही भाऊ चांगले आहेत, अडीअडचणीला धावून येतात, आणि आता दोघेही सही करून टाक म्हणत आहेत. मला जमीन कसायची नाही, विकायचीही नाही, पण सहीही करावीशी वाटत नाही. सही न करता आणि वितुष्ट न आणता काय करता येईल? भांडकुदळ किंवा स्त्रीमुक्तीवाली म्हणवून घेण्याची माझी तयारी नाही, हे आधीच सांगते.


तळटीप

सही न केल्याने तुमचे काहीच जात नाही, हे प्रथम लक्षात घ्या. हक्क आपोआप राहतो, सोडायचा असेल तरच दस्त लागतो. तलाठी कार्यालयात वारस नोंद झाली आहे का ते पाहा. झाली असेल तर फेरफाराची प्रत काढून तुमचे नाव कब्जेदार सदरात आले आहे की 'इतर हक्कां'त ढकलले आहे ते तपासा. आले नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्या. तोंडी सोडलेला हक्क कायद्याने सुटत नाही, त्यामुळे "मला काही नको" असे कुठे बोलून गेला असाल तरी घाबरू नका, मात्र कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या जबाबावर सही करू नका. वाटप आताच मागायची गरज नाही. पुढे सगळ्यांच्या संमतीने करायचे ठरले, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो आणि त्याला कोर्टकचेरी लागत नाही.

भावांना काय सांगायचे, हा माझ्या विषयाबाहेरचा प्रश्न आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बहिणी "मुलांच्या नावाने राहू द्या" असे सांगतात, आणि साधारणपणे त्यावर भाऊ गप्प बसतात. तुमच्या भावांचा स्वभाव तुम्हालाच माहीत. फेरफाराची प्रत मिळाली की नोंदीतला मजकूर इथे लिहा, नावे गाळून.